खरवणची आखाजी

धुडकू बोरसे कसा माणूस होता असं विचारलं, की सुरतेच्या पांडेसरा वस्तीतली जुनी माणसं आधी पाठीवरून हात फिरवतात आणि मग हसतात. त्याच्या काठीचा प्रसाद न खाल्लेला खान्देशी माणूस त्या काळात सुरतेत शोधून सापडला नसता. फॉरेस्टचा बीट गार्ड. उंची बेताचीच, मान आखूड, आणि राग असा की विचारू नका. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर टेकवून परत उचललं आणि नाव ठेवलं धुडकू. टाकून दिलेल्या पोराकडे मरण बघत नाही म्हणतात. मरणानं नाही बघितलं, पण मारामारीनं बरोबर हेरून ठेवलं.

गाव शिंदखेड्याकडचं, तापीकाठचं. नोकरी लागली नंदुरबारकडच्या जंगलात. साठ साली महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले आणि तो राखत होता ते जंगल गुजरातेत गेलं. म्हशीमागं रेडकू जातं तसा धुडकूही गेला. पुढं सुरत जिल्ह्यातच मांडवीच्या बाजूला खरवण नावाच्या जंगलावर त्याची बदली झाली. मधून एक खाडी वाहते. तिकडं ओढ्यालाही खाडीच म्हणतात. खाडीत एक डोह, दोन्ही काठांना जुनी आंब्या-चिंचांची झाडं, आणि मागं साग. नाक्यावर दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात धुडकू आणि त्याची बायको शोभाबाई. मूलबाळ नव्हतं. भांडायला दोघंच होती, तेवढी पुरायची.

खरवणला रविवारी सुरतेहून ट्रक भरभरून माणसं यायची. उजाणी म्हणजे काय तर रानात जेवायला जायचं. जरीवाले यायचे, मिलवाले यायचे आणि आपले मराठी बँकवालेही यायचे, उगाच दुसऱ्यांनाच नावं कशाला ठेवा! यायचे आणि जंगलाची पार वाट लावून जायचे. चुलीसाठी हिरवा आंबा तोडायचे, सागाच्या बुंध्याशीच जाळ करायचे, दारूबंदी असून बाटल्या फोडायचे. धुडकू त्यांना काठीनं हाणायचा. पुढच्या रविवारी दुसरे यायचे. त्यांनाही हाणायचा.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात एका टोळक्यानं डोहात सुरुंगाचा तोटा टाकला. धडाका झाला आणि डोहभर मासे पोट वर करून तरंगायला लागले, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. धुडकूचं डोकं फिरलं. त्यानं पहिल्याचा गुडघा फोडला, दुसऱ्याचं नाक. पण ते होते आठ-दहा जण. त्यांनी त्याला लाथांनी तुडवला, दोन दात पाडले, खांद्याचं हाड मोडलं, त्याच्याच खाकी सदऱ्यानं त्याला चिंचेला बांधला आणि त्याच्यासमोर बसून त्याच डोहातले मासे तळून खाल्ले. संध्याकाळी शोभाबाई शोधत आली तेव्हा तो शिव्या देत होता. तोंडातून रक्त येत होतं, पण शिवी एकही चुकत नव्हती.

सुरतेच्या इस्पितळात त्याला भेटायला रेंजर आले, भगुभाई नायक. वलसाडकडचे, सडपातळ, हळू बोलणारे. स्टूल ओढून बसले आणि गुजरातीत म्हणाले, "किती जणांना मारशील, धुडकू?"

"येतील तेवढ्यांना."

"आणि ते तुला?"

"त्यांना जमेल तेवढं."

रेंजरनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "जंगल सरकारी आहे म्हणजे शेवटी लोकांचंच. ते येणारच. तू इकडून हाकलशील, ते तिकडून घुसतील. त्यापेक्षा त्यांनी कुठं यायचं, कुठं बसायचं, कुठं चूल मांडायची, ते आपणच ठरवू या की."

"त्यांना काय पाट-पाणी मांडू?"

"मांड," रेंजर म्हणाले, "पण जागा आपण सांगू तीच."

धुडकूला हे काही पटलं नव्हतं. पण साहेब इस्पितळात येऊन स्टुलावर बसले होते, आजवर कुठला साहेब असा आला नव्हता. बरा झाल्यावर तो त्यांच्याबरोबर जंगल फिरायला लागला. दोघं रोज भांडायचे. रेंजर म्हणायचे, माणसांच्या पायांनी जमीन कडक होते, पाणी मुरत नाही, मग रोपटं येत नाही, म्हणून जमिनीला विसावा पाहिजे. धुडकूला हे लगेच कळलं, शेत पडीक ठेवतात ते त्यानं लहानपणापासून बघितलं होतं. मग ठरलं असं: ट्रक नाक्यावरच थांबवायचा, पुढं सगळ्यांनी चालत जायचं. चूल फक्त खाडीच्या वाळूत, आणि लाकूड नाक्यावरून मिळेल तेच. डोहाच्या वरच्या अंगाला कुणी जायचं नाही, तिथं हरणं पाण्यावर येतात. आणि महत्त्वाचं म्हणजे यंदा माणसं अलीकडच्या काठावर बसली, की पुढच्या वर्षी पलीकडच्या. रिकाम्या काठाला काट्याचं कुंपण घालून तो वर्षभर सोडून द्यायचा.

नाक्यावर लाकडी फाटक बसवलं. पहिल्या वर्षी फाटकावर रोज मारामारी. पण एकटा धुडकू नव्हता आता, रेंजर स्वतः येऊन उभे राहायचे. हळूहळू लोकांना कळलं, की नियमानं राहिलं तर जागा स्वच्छ मिळते, सावली मिळते, पायात काच जात नाही. तिसऱ्या वर्षी कुंपणातल्या काठावर बांबूचे कोंब वीतभर वर आले. ते बघून धुडकू घरी आला आणि शोभाबाईला म्हणाला, "चल, दाखवतो." तिनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. कोंब बघून आली तोवर भाकरीचा कोळसा, आणि त्यावरून दोघांचं पुन्हा कडाक्याचं भांडण. पण माणूस त्या दिवशी खूश होता, त्याच्या आयुष्यात मारल्याशिवाय झालेलं हे पहिलं काम.

आता आखाजीचं. अक्षय तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. आपल्याकडं लेकीबाळींना त्या दिवशी माहेरी आणतात. झाडाला झोके बांधतात, पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, घरोघर खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या, त्यांना मांडे म्हणायचे. सासुरवाशिणीचा सण हो! सत्तरच्या आसपास सुरतेत कापडाच्या मिला वाढल्या आणि खान्देशातली गावंच्या गावं पोटामागं इकडं आली. पांडेसऱ्याच्या एकेका खोलीत चार-चार बिऱ्हाडं. माहेराला जायला ना सुटी, ना गाडीभाडं.

शोभाबाईची एक लांबची भाची तिथं राहायची. शोभाबाई तिला भेटून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "खोलीमा पाय लांबा करा ते भितले लागतस. आखाजीले पोरी भितकडे तोंड करीसन रडतस. त्यासले आठे आनू."

"इथं काय धर्मशाळा आहे?" धुडकू म्हणाला.

"धर्मशाळा नही. माहेर शे."

बाईनं नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. झोक्याची झाडंही तिनंच निवडली. फांदीला स्वतः लोंबकळून बघायची. धुडकू खालून म्हणायचा, "तू पेललीस म्हणजे हत्ती पेलेल!" आणि ती वरून चप्पल फेकून मारायची. दोरानं साल कापू नये म्हणून फांदीला आधी गोणपाट गुंडाळायचं, ही रेंजरची अट. गोणपाट ती शिवायची. पहिल्या आखाजीला एक ट्रक आला. झोक्यावर बसल्या बसल्या एकीला रडू फुटलं आणि मग सगळ्याच रडल्या. मग हसल्या. मग मांडे झाले. धुडकू फाटकावर उभा राहून ऐकत होता, आणि शोभाबाई त्याला मांडा द्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "मेला धूर डोळ्यात गेला." आता बोला! चूल होती खाडीच्या वाळूत, फाटक राहिलं नाक्यावर.

वर्षागणिक ट्रक वाढले. चौऱ्याहत्तरला इतकी माणसं येणार असं कळलं, की एका काठावर पाय ठेवायला जागा उरणार नाही. त्यातच पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये संप झाला होता. अमळनेर-पारोळ्याकडची माणसं संपावर बसली, त्यांचा पुढारी निंबा महाजन. शिरपूर-शिंदखेड्याकडची कामावर गेली, त्यांचा मुकादम सुकदेव निकम. संप मोडला. खोल्यांमधून डोकी फुटली, एकाची बोटं छाटली गेली. आता ही दोन्ही माणसं एकाच सावलीत कशी बसवणार?

धुडकूनं डोकं चालवलं. रेंजरकडं गेला आणि म्हणाला, "साहेब, यंदा दोन्ही काठ उघडू. अमळनेरवाले पलीकडं, शिरपूरवाले अलीकडं. मधे खाडी. भांडणही नाही आणि जमिनीवर भारही निम्मा."

"विसाव्याचा काठ आहे तो," रेंजर म्हणाले. "नियम तूच मोडतोस?"

"एक दिवस, साहेब. मी जबाबदार."

रेंजरनी दोन्ही काठ फिरून बघितले. मग हो म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! वलसाडच्या माणसाला आखाजीचा बार कसा ठाऊक असणार?

बार म्हणजे काय ते सांगायला हवं. खान्देशात नदीच्या दोन काठांवर दोन गावं असली, की आखाजीला दोन्हीकडच्या बाया काठावर जमतात आणि एकमेकींच्या गावाला शिव्या देतात. गाण्यात देतात, चालीत देतात. शिव्या संपल्या की खडे, खडे संपले की दगड. कपाळं फुटतात, रक्त येतं. पण ते सगळं त्या दिवसापुरतं. डोकं फुटलं तर हळद दाबायची, मनात काही ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बाया एकमेकींकडं विरजण मागायला जातात. आणि बार बायांचा. पुरुषानं त्यात दगड उचलला तर त्याचं गावात तोंड दाखवणं मुश्कील.

धुडकूला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानं घरी येऊन दोन काठांचं सांगितलं तेव्हा शोभाबाईचे डोळे चमकले. "मंग ते बार व्हई!" ती म्हणाली आणि टाळी वाजवली. धुडकूही हसला. म्हणाला, "होऊ दे. तुमची खाज तरी भागेल." दोघांनाही वाटलं, की इतक्या वर्षांनी परक्या मुलखात गावासारखा बार होणार, याहून मोठी चैन काय! गावात बाराभोवती म्हातारी माणसं उभी असतात, शरम असते, नातीगोती असतात. पांडेसऱ्याहून ट्रक येणार होते, त्यांत यांपैकी काही नव्हतं. हे त्या दोघांच्या मनात एकदाही आलं नाही.

आखाजीला सकाळपासून उकाडा होता. दुपारपर्यंत सगळं छान चाललं. दोन्ही काठांवर झोके, वाळूत चुली, मांड्यांचा वास. खाडीत गुडघाभर पाणी. मग पलीकडून एका बाईनं कमरेवर हात ठेवून पहिली आरोळी ठोकली: "ओ शिरपूरवाल्या! तुमना गावना माणसे पानी भरतस अन बाया चावडीवर बठतस!"

अलीकडं हशा उसळला. इकडून उत्तर गेलं, तिकडून त्याहून झणझणीत आलं. बाया पदर खोचून काठाला आल्या. रेंजर नाक्यावर होते, त्यांनी विचारलं, "आ शुं चाले छे?" धुडकू म्हणाला, "काही नाही साहेब, गाणी म्हणतात."

पहिले खडे पडले तेव्हाही हसणंच होतं. एकीच्या कपाळातून रक्त आलं, तिनं ते पुसलं आणि आणखी मोठ्यानं शिवी दिली. पण काठांमागं झाडाखाली पुरुष बसले होते आणि त्यांनी रबरी फुग्यांत भरून चोरून दारू आणलेली होती. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "संपफोड्यांनो! तुमच्या बायकाच तेवढ्या मर्द!" हे बारातलं नव्हतं. शिवी गावाला दिलेली नव्हती. सुकदेवची माणसं उठली. कुणी झोक्याची फळी उपसून काढली, कुणी ट्रकमधला लोखंडी टामी आणला. आणि पुरुषांनी दगड उचलले.

बायांचा दगड आणि पुरुषाचा दगड यांत फरक असतो. पहिल्याच दगडानं पलीकडच्या एका म्हाताऱ्याचा जबडा तुटून लोंबायला लागला. मग कुणी कुणाला आवरेना. माणसं खाडीत उतरली, पाण्यातच एकमेकांच्या उरावर बसली. एकानं दुसऱ्याचं तोंड वाळूत दाबून धरलं होतं आणि तो पाय झाडत होता. फळीचा एक घाव पडला की कड्कन आवाज यायचा, आणि ते लाकूड तुटलं की हाड, कळायचं नाही. बाया ओरडत होत्या, "बस करा! आमना बार शे!" त्यांचं कोण ऐकतो. मांड्यांचं तापलेलं खापर कुणीतरी एकाच्या पाठीवर उपडं केलं, तो जनावरासारखा ओरडला.

धुडकू धावत आला आणि सरळ खाडीत घुसला. काठी गरागरा फिरवत तो दोन्ही बाजूंना हाणत होता. अमळनेरचा म्हणून नाही, शिरपूरचा म्हणून नाही, समोर येईल त्याला. "माझं जंगल आहे रे, भडव्यांनो! माझं जंगल!" त्याचा आवाज फाटला होता. टामीच्या एका घावानं त्याचं मनगट मोडलं. त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. एक दगड पाठीत बसला, एक कानावर. तो गुडघ्यावर बसला आणि पाणी लाल दिसायला लागलं.

तेव्हा शोभाबाई पुढं झाली. त्यांच्या भागातली एक रीत आहे. बार हाताबाहेर जायला लागला, की एखादी जाणती बाई नदीच्या मधोमध जाते आणि पदर पसरून उभी राहते. पदर पसरला की दगड खाली टाकायचे. शोभाबाई धुडकूच्या बाजूनं गेली, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मध्यावरच्या खडकावर चढली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली. दोन्ही काठांवरच्या बायांनी हातातले दगड टाकले. म्हाताऱ्यांनी टाकले. निंबानं हातातली फळी टाकली. सुकदेवही थबकला.

पण सगळ्यांनाच ही रीत कुठं माहीत? सुरतेत वाढलेले, मिलमधल्या मागांच्या खडखडाटात कान बसलेले, दारू चढलेले होते त्यांत. एक दगड आला. तो डाव्या कानशिलावर बसला. शोभाबाई पदर तसाच धरून आडवी झाली आणि पाण्यात पडली.

एकदम सगळं थांबलं. धुडकू गुडघ्यांवर सरकत तिच्यापर्यंत गेला. एकाच हातानं तिला उचलायला बघत होता, उचलता येईना. "ऊठ," म्हणत होता. "ऊठ ना वं. बार संपला. ऊठ." कुणाचीही पुढं यायची हिंमत झाली नाही. शेवटी रेंजर पँटसकट पाण्यात उतरले आणि दोघांनी मिळून तिला वाळूवर आणली. वाळूवर आणली तेव्हाच ती गेलेली होती.

तालुक्याहून फौजदार येईपर्यंत दोन्ही काठांवरची माणसं तिथंच बसून होती. कुणी पळालं नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आधी निंबा आला. धुडकूजवळ बसून हळूच म्हणाला, "दादा, दगड शिरपूरवाल्यांचा. मी बघितला. नाव सांगतो."

मग सुकदेव आला. "काका, आपण एका मातीतले. दगड पारोळ्याच्या पोराचा होता. साक्षीदार देतो, पाहिजे तेवढे."

धुडकू दोघांचंही ऐकून घेत होता. तोंड खाली. आणि मग तो उठला. मोडलेलं मनगट छातीशी, काठी डाव्या हातात. त्यानं आधी सुकदेवला घातली, मग निंबाला. कुठं लागते ते बघतही नव्हता. दोघांनी हात वर केले नाहीत. निंबाची भुवई फुटली, सुकदेव वाळूत पडला, तरी धुडकू हाणतच होता. "नावं आणता? तिच्या अंगावरचं पाणी सुकलं नाही आणि नावं आणता? इथं एकाचं नाव घेतलं की पांडेसऱ्यात दहा मुडदे पडतील! ते कोण पुरेल? मी?" काठी मोडली तेव्हा तो थांबला आणि तिथंच बसून मोठ्यानं रडला. एवढ्या वर्षांत त्याला रडताना कुणी बघितलं नव्हतं.

फौजदार जबाब घ्यायला बसला. रेंजर शेजारी होते. फौजदारानं आधी सरळच सांगून टाकलं: खुनाचा गुन्हा नोंदवला तर जिल्ह्यावरून हुकूम येणार, जागा कायमची बंद होणार. पुन्हा इथं कुणी झोका बांधणार नाही. मग त्यानं विचारलं, "बाईला दगड कुणी मारला?"

दोन्ही काठ कान देऊन होते. बाया एकमेकींना धरून बसल्या होत्या. त्यांच्यातली एक, शोभाबाईची भाची, तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती. एकीनंही, जागा बंद करू नका, असं म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? धुडकूनं त्यांच्याकडं बघितलं. झोके तुटून लोंबत होते, फांद्यांना गोणपाट तसंच होतं.

"कुणी नाही मारला," तो म्हणाला. "खडक ओला होता. पाय घसरला."

फौजदारानं लिहायचं थांबवून वर बघितलं. रेंजर खाली वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "धुडकू, पडून असा घाव होत नाही."

"ती माझी बायको होती, साहेब," धुडकू म्हणाला. "तुम्हाला जास्त माहीत?"

फौजदारानं ते लिहून घेतलं. जबाबाखाली धुडकूनं डाव्या हाताचा अंगठा उमटवला. बाकीच्या मारामारीचे गुन्हे झाले, काहींना सजा झाली, पण खरवण बंद झालं नाही.

त्यानं ते वर्ष तिथंच काढलं. दोन्ही काठांना कुंपण घातलं होतं. मनगट वाकडं जुळलं. पांडेसऱ्यातून कुणी भेटायला आलं तर चहा द्यायचा, आणि पाहुणा चहा पीत असताना त्याच्या तोंडाकडं एकटक बघत बसायचा. माणसं घाबरून लवकर उठायची. रेंजरनी विचारलं, "बदली हवी का?" तो नाही म्हणाला. आखाजीच्या आधी पंधरवडाभर तोच ऑफिसात गेला आणि म्हणाला, "पलीकडचा काठ ठीक आहे, साहेब. तिथंच झोके बांधतो. एकच काठ."

"तू फाटकावर उभा राहशील?" रेंजरनी विचारलं.

"मग कोण राहील?"

आखाजीला ट्रक आले. कमी आले. बाया आधी उतरल्या, आवाज नाही, गाणं नाही. त्यांच्यामागं पुरुष, टोप्या हातात घेतलेले. अमळनेरचे आणि शिरपूरचे यंदा मिसळून उभे होते, वेगळे काढता येत नव्हते. पुढं निंबा, भुवईवर खूण असलेला, त्याच्या शेजारी सुकदेव. फाटक बंद होतं आणि आत धुडकू उभा.

तो एकेकाचं तोंड बघत होता. म्हातारी तोंडं, तरणी तोंडं, ओळखीची, बिनओळखीची. कुणी नजर वळवली, कुणी नाही वळवली. नजर वळवणारे सगळे काही खुनी नसतात आणि न वळवणारे सगळे निर्दोष नसतात, हे त्याला वर्षभरात कळलं होतं. ज्यानं तो दगड मारला तो या माणसांत होता. त्याला हवा होता, तर आज तो हाताच्या अंतरावर होता. कदाचित त्याच्या कडेवर पोरही असेल, झोक्यावर बसवायला आणलेलं. धुडकूचा चांगला हात काठीभोवती इतका आवळला की शिरा वर आल्या. शोभाबाईची भाची पुढं आली आणि म्हणाली, "काका, आम्ही परत जातो. आम्ही तुम्हाला त्रास द्यायला आलो नाही."

"गप बस!" धुडकू तिच्यावर ओरडला. "मावशीनं माहेर दिलंय, परत जायला दिलंय का?"

त्यानं काठी कुंपणाला टेकवली, अडसर काढला आणि फाटक पूर्ण उघडलं. माणसं एकेक करून आत यायला लागली. प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबून "राम राम, दादा" म्हणत होता, आणि धुडकू एकालाही न वगळता प्रत्येकाला "राम राम" म्हणत होता. त्यातला एक राम राम तो दगड मारणाऱ्या हाताला पोचला. कुठला, ते त्याला कळलं नाही.